चौथा रकाना

वागळे इस्टेटच्या गल्लीत
मी वजनकाटे दुरुस्त करतो. एकोणतीस वर्षं.
भंगारवाल्यांचे, सोनारांचे, एकदा तर
सिव्हिलमधला बाळं मोजायचा काटा आला होता.

रेसबुक दुपारी डब्याखाली अंथरायचो.
तेलाचा डाग ज्या नावावर पडेल
तो घोडाही खेळून झालाय.
हरलो. चवळीच्या उसळीचा दोष नव्हता.

वहीत तीन रकाने होते: घोडा, भाव, रक्कम.
चौथा मुनाफ चौगुल्यांनी आखला.
राबोडीतले. हयातभर रेसच्या घोड्यांना नाल ठोकले,
स्वतः कधी रुपया लावला नाही.
माझ्याच फुटपट्टीनं रेघ ओढून वर लिहिलं: का?
म्हणाले, "निकालाआधी भरायचं. आणि खरं.
वाचणारा तूच आहेस."

पहिल्या महिन्याचं खरं हे असं:
जॉकीचा सदरा हळदी रंगाचा.
घोडीचं नाव धाकट्या मावशीचं.
कोपऱ्यावरचा केळेवाला म्हणाला.
मागच्या रेसमध्ये गेले ते काढायचेत.
मागच्या रेसमध्ये गेले ते काढायचेत.
मागच्या

इथं पेन थांबलं.
घोडं कुठं पेंड खातंय
ते दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.
मीच तर रोज गिऱ्हाइकाला बजावतो:
शेठ, पोतं उतरलं की काटा शून्यावर आणा.
मागचं चार किलो आत राहिलं
तर पुढचं प्रत्येक पोतं खोटं बोलेल.

मग नियम केले. फार नाहीत.
महिन्याला बाराशे, पगाराच्या दिवशीच वेगळ्या पाकिटात.
पाकीट संपलं की महिना संपला,
तारीख नऊ का असेना.
दिवसाला दोन रेस. उधारी नाही.
कुंदाच्या भिशीच्या डब्याकडे बघायचंसुद्धा नाही.
(एकदा बघितलं होतं. बघितलं म्हणजे उघडला होता.
ते वहीत नाही.)

नियम मोडलेही. ऑगस्टात दोनदा.
मुनाफभाईंना पान दाखवलं, रागावले नाहीत.
"शिंगरू पहिल्याच दिवशी पाय उचलून देतं होय?
लाथ घालतं.
दुसऱ्या दिवशी परत तोच पाय मांडीवर घ्यायचा."
आणि आपली डावी मांडी चोळत बसले,
तिथं खड्डा आहे एक, वाटीएवढा.

परवाचा रविवार.
सिद्धेश्वर तलावाच्या काठावर आम्ही दोघं,
पाकिटात अजून चारशे शिल्लक.
ब्रास लँटर्न. सात नंबर, सोळाशे मीटर, भाव बाराचा.
पोटातून कुणीतरी सांगत होतं, हाच, हाच.
वही उघडली. घोडा लिहिला. भाव लिहिला.
चौथ्या रकान्यावर पेन धरून बसलो.
पोटातून वाटतंय, हे मागच्या वर्षी
एकतीस वेळा लिहिलंय. मोजलेत मी.
तलावात कुणीतरी पाव टाकत होतं,
मासे एकमेकांच्या अंगावर चढत होते.
रेस सुटली तेव्हा रकाना कोराच होता.

ब्रास लँटर्न जिंकली. मानेच्या फरकानं.

शंभराचे तेराशे.
मी मुनाफभाईंकडे बघितलं. ते माशांकडे बघत होते.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"घोडीला काय फरक पडला? तिला चंदी मिळेलच."
मला मात्र घशात नाल अडकल्यासारखं झालं होतं.
शिस्तीनं छाती फुगते असं कुणी म्हणत असेल
तर त्यानं त्या बाकावर येऊन बसावं.

रक्कम या रकान्यात शून्य काढलं.
जरा मोठंच निघालं, ओळीबाहेर गेलं.
का? च्या खाली लिहिलं: माहीत नव्हतं.

उथळसरपासून कोलबाडपर्यंत
मी ते तेराशे खर्च करत चालत आलो.
सुरमई एक किलो, नऊशे.
कुंदाच्या चष्म्याची दांडी, दीडशे.
मुनाफभाईंना मलम.
उरलेले भिशीच्या डब्यात, न सांगता.
जिना चढेपर्यंत हिशेब लागला,
खिशात काही राहिलं नव्हतं.

कुंदानं विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही.
आणि बऱ्याच वर्षांनी
ते खरं होतं.